बीएमआय काढला, पण वाचायचा कसा?

कंपनीची वार्षिक तपासणी असो, लॅबचं पॅकेज असो की मोबाइलमधलं अॅप, हल्ली जवळपास प्रत्येक रिपोर्टवर बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा, आकडा छापलेला असतो. गोंधळ त्यापुढे होतो. एका रिपोर्टवर २४.२ समोर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर त्याच २४.२ ला ‘ओव्हरवेट’ म्हटलेलं असतं. माणूस तोच, वजन तेच. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एकाने आंतरराष्ट्रीय पट्टे लावलेले असतात आणि दुसऱ्याने भारतीयांसाठी ठरवलेले. तुम्ही राहायला नाशिकला असा की न्यू जर्सीला, घराणं इथलं असेल तर दुसऱ्या रिपोर्टकडे जास्त लक्ष द्या. का, ते पुढे सविस्तर येईल. आधी आकडा नीट काढायला शिकू.

खालच्या पायऱ्या १८ वर्षांवरच्या माणसांसाठी आहेत. मुलं, गरोदर बाई आणि घरातले वयस्कर यांचा हिशेब थोडा निराळा असतो, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पहिली पायरी: उंची आठवू नका, मोजा

उंची विचारली की बहुतेक जण कॉलेजात असताना मोजलेली किंवा लग्नाच्या बायोडेटात लिहिलेली उंची सांगतात. बायोडेटातला इंच बऱ्याचदा वरच्या बाजूला ढकललेला असतो. बीएमआयच्या सूत्रात उंचीने दोनदा भागायचं असतं, त्यामुळे तिथली छोटी चूक उत्तरात मोठी होते. पाच फूट सात इंच उंची आणि ७२ किलो वजन असलेल्या माणसाचा बीएमआय २४.९ येतो. त्यानेच उंची पाच फूट आठ इंच लिहिली तर तो २४.१ होतो. काही न करता आकडा उतरला, पण पोट तिथेच राहिलं.

घरी मोजायची पद्धत सोपी आहे. चप्पल-बूट काढून भिंतीला टेकून उभं राहायचं. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला लागलेली, नजर समोर, हनुवटी वर उचललेली नको. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस सोडायचे. दुसऱ्या कुणीतरी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर आडवं, भिंतीशी काटकोनात धरायचं आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलने खूण करायची. मग जमिनीपासून खुणेपर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्यायचं. इंचातच मोजलं असेल तर २.५४ ने गुणा. हे काम सकाळी केलेलं बरं, कारण दिवसभर उभं राहून-बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची किंचित कमी भरते.

दुसरी पायरी: वजन

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, अंगावर कमीत कमी कपडे. वजनकाटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा गालिच्यावर नको. प्रत्येक वेळी तोच काटा वापरा. दुकानातला, स्टेशनवरचा आणि घरचा काटा तीन वेगळे आकडे दाखवतील, त्यांची तुलना करत बसू नये.

रोज वजन करून जीव टांगणीला लावायची गरज नाही. मीठ जास्त पडलं, पाळी जवळ आली, आदल्या रात्री लग्नात जेवण झालं, की एक-दीड किलो पाणीच अंगात थांबतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एवढं पुरे.

तिसरी पायरी: दोनदा भागा

सूत्र असं: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वर्ग करायचा कंटाळा येत असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाला उंचीने भागा आणि जे येईल त्याला पुन्हा उंचीनेच भागा. ७२ किलो आणि १७० सेंटिमीटर म्हणजे १.७० मीटर. ७२ भागिले १.७० बरोबर ४२.३५. त्याला पुन्हा १.७० ने भागलं की २४.९. संपलं.

चौथी पायरी: आकडा योग्य पट्ट्यात ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेचे सर्वसाधारण पट्टे असे: १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ योग्य, २५ ते २९.९ जास्त वजन, ३० आणि पुढे लठ्ठपणा. आशियाई लोकसंख्येसाठी याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सांगितलं की २३ पासूनच सावध व्हावं आणि २७.५ पासून धोका जास्त धरावा. भारतीय डॉक्टरांच्या गटाने २००९ मध्ये आपल्यासाठी आणखी कडक रेषा आखली: २३ ते २४.९ जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा.

वरच्या उदाहरणातला ७२ किलोचा माणूस आंतरराष्ट्रीय पट्ट्यावर ‘योग्य’च्या शेवटच्या टोकाला आहे आणि भारतीय पट्ट्यावर लठ्ठपणाच्या उंबऱ्यावर.

गणित नको असेल तर १८.५ ते २२.९ या पट्ट्यात बसणारं वजन उंचीप्रमाणे साधारण असं येतं:

१५० सेंमी: ४२ ते ५१ किलो
१५५ सेंमी: ४४ ते ५५ किलो
१६० सेंमी: ४७ ते ५८ किलो
१६५ सेंमी: ५० ते ६२ किलो
१७० सेंमी: ५४ ते ६६ किलो
१७५ सेंमी: ५७ ते ७० किलो
१८० सेंमी: ६० ते ७४ किलो

पट्टा किती रुंद आहे बघा. १६० सेंटिमीटरला ४८ किलोची बाईही योग्य वजनात आणि ५८ किलोचीही. ‘उंचीतून शंभर वजा करा, तेवढं वजन हवं’ हा घरोघरी चालणारा हिशेब एकच आकडा देतो, आणि तोही बऱ्याच उंचींना आपल्या पट्ट्याच्या वर जातो. १६० ला ६० किलो म्हणजे बीएमआय २३.४. तो हिशेब सोडून दिलेला बरा.

आपल्यासाठी २३ च का?

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातून आलेलं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर मजकूर छापला, सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. बाहेरून दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजणाऱ्या एक्स-रे यंत्रावर मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बीएमआय तोच, आणि चरबी दुपटीहून जास्त. उरलेल्या वजनात स्नायू कमी.

याची सुरुवात जन्माआधीच होते, हे याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांवर केलेल्या अभ्यासात दिसलं. हा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. तिथली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये लहान होती, पण कातडीखालची चरबी त्यांनी त्या मानाने टिकवून ठेवली होती. हातपाय काटकुळे, अंगात चरबी. मोठेपणी आपल्या ओळखीची जी मूर्ती दिसते, बारीक दंड, बारीक पिंढऱ्या आणि समोर गोल पोट, तिची मुळं पाळण्यापर्यंत जातात.

जेवणातून आलेली साखर साठवायचं मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर जादा ऊर्जा चरबी होऊन साठते, आणि आपल्याकडे ती यकृतात आणि आतड्यांभोवती लवकर जाऊन बसते. तिथली चरबी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देत नाही. म्हणून एखाद्या गोऱ्या माणसाला २७-२८ बीएमआयला जो मधुमेहाचा धोका असतो, तो आपल्याला त्याच्या बराच आधी गाठतो. ब्रिटनमधली सरकारी आरोग्य मार्गदर्शक तत्त्वंही दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना २३ आणि २७.५ याच रेषा लावतात. लंडन-लेस्टरच्या मराठी मंडळींनी क्लिनिकमध्ये आपला वंश आवर्जून सांगावा.

मुळात हे सूत्र एकेका माणसाच्या निदानासाठी बनलेलंच नाही. ब्रुसेल्सच्या अॅडॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञाने ते १८३० च्या दशकात मांडलं, तेव्हा तो समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधत होता. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांच्या मापांवर ते तपासलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यांच्या यादीत बायका नव्हत्याच. मोठ्या लोकसमूहासाठी हे माप स्वस्त आणि कामाचं आहे. एका माणसासाठी ते फक्त सुरुवात आहे. लठ्ठपणावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने २०२५ च्या जानेवारीत हेच स्पष्ट केलं: केवळ बीएमआयवरून निदान करू नका, कमरेचा घेर किंवा चरबीचं दुसरं एखादं माप जोडीला घ्या.

पाचवी पायरी: टेप काढा

वजनकाटा आणि टेप यातलं एकच घरात ठेवता येणार असेल तर मी टेप निवडेन. शिवणाची साधी टेप चालते, फक्त ती जुनी, ताणून सैल झालेली नको.

पुरुषांची नेहमीची समजूत अशी असते: ‘माझी पँट दहा वर्षं ३४ चीच आहे, कंबर वाढलेलीच नाही.’ आरशासमोर बाजूने उभं राहून पट्टा कुठे बसतो ते बघा. पोट पुढे येत गेलं तसा पट्टा खाली सरकत गेलेला असतो आणि आता तो पोटाच्या खाली, हाडावर अडकवलेला असतो. तिथला घेर ३४ इंच खराच आहे, पण तो पोटाचा नाही. बायकांचं असंच परकराच्या नाडीबाबत होतं. नाडीचा वळ जिथे पडलेला असतो तिथेच टेप लावली जाते. पट्टा आणि नाडी, दोन्ही विसरा.

शर्ट वर घ्या किंवा पदर बाजूला करा. एका कुशीवर बोट फिरवून सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग त्याच कुशीवर खाली येत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. अंगावर मांस असेल तर बोट थोडं दाबावं लागतं, पण हाड लागतंच. या दोन जागांच्या बरोबर मध्ये पेनाने ठिपका द्या. टेप त्या ठिपक्यावरून पोटाभोवती आडवी फिरवा. पाठीमागे ती हमखास खाली घसरते, म्हणून घरच्या कुणाला मागून बघायला सांगा किंवा आरसा वापरा. टेप अंगाला टेकलेली हवी, कातडीत रुतलेली नको. आता नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढून घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो, म्हणून वाचण्याआधी दोन-तीन श्वास सहज घेऊन सोडा. दोनदा मोजा. दोन मापांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आपल्यासाठी मर्यादा अशा: पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आसपास, आणि बायकांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. लक्षात ठेवायला आणखी सोपा नियम आहे: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १५६ सेंटिमीटर उंची असेल तर घेर ७८ च्या आत.

सहावी पायरी: दोन्ही आकडे शेजारी ठेवा

बीएमआय २३ च्या आत आणि घेरही मर्यादेत असेल तर आहे ते टिकवा, वर्षातून एकदा पुन्हा मोजा.

बीएमआय २१-२२, पण घेर ९२. ही आपल्याकडची सगळ्यात फसवी जोडी. नातेवाईक ‘काय तब्येत ठेवलीय!’ म्हणतात, काटाही काही बोलत नाही, आणि पस्तिशी-चाळिशीत अचानक साखर निघते. या गटातल्या माणसाने उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), रक्तदाब आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्यावं. वजन ‘नॉर्मल’ आहे म्हणून डॉक्टर टाळत असतील तर घेराचा आकडा सांगून तपासणी मागावी. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, ६.५ आणि पुढे मधुमेह.

बीएमआय २८-२९, पण घेर ८४. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका मारणारा पैलवान असा असू शकतो. त्याचं वजन स्नायूंचं आहे. मात्र तालीम सोडून पाच-सात वर्षं झाली आणि खुराक तसाच राहिला, तर घेर आता काय म्हणतो ते त्याने प्रामाणिकपणे बघावं.

दोन्ही आकडे वर असतील तर वजन उतरवायचं काम हाती घ्यायचं. ते कसं, ते पुढच्या पायरीत.

घरच्या ‘स्मार्ट’ काट्यांवर चरबीची टक्केवारी दिसते. पायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून तो काटा अंदाज बांधतो आणि अंगातल्या पाण्याप्रमाणे तो अंदाज हलतो. टेपचा आकडा त्याच्यापेक्षा भरवशाचा.

सातवी पायरी: उतरवायचं तर किती आणि कसं

७२ किलोच्या माणसाने थेट ६६ चं लक्ष्य भिंतीवर लिहायची घाई करू नये. आधी पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो. एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांत फरक पडायला लागतो. अमेरिकेत २००२ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबऱ्यावरच्या लोकांना सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच लक्ष्य दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

त्याहून मला जवळचा वाटतो तो चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ चा भारतीय अभ्यास. तिथे आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं, आणि त्या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं! दोन महिने चालूनही काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. आतमध्ये काम सुरू झालेलं असतं, काट्याला ते दिसत नाही. टेपला बहुधा आधी दिसतं.

वेग महिन्याला दीड-दोन किलोच्या वर नको. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरवून देणारे डाएट मुख्यतः पाणी उतरवतात. पुढे उपासमार चालू ठेवली तर स्नायूही झिजतात, आणि ते आपल्याकडे मुळातच कमी आहेत. घाम काढणारे पट्टे आणि ‘फॅट बर्नर’ पावडरींवर पैसे घालवू नका. वजन उतरवणारी इंजेक्शनं ही खरी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच.

ताटाकडे येऊ. सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा, कारण तिथला हिशेब करता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी एक लिटर. त्यात साधारण ८,२०० कॅलरी असतात, म्हणजे रोजच्या सुमारे २७०. ते निम्म्यावर आणलं तर प्रत्येकाच्या पोटातून रोज १३५ कॅलरी कमी होतात आणि भाकरीचा एक तुकडाही सोडावा लागत नाही. किराणा भरताना महिन्याचं तेल लिहून ठेवा. फोडणी चमच्याने मोजून घाला, भांडं तिरकं करून नको. शेव-फरसाणाचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेला तरी खाणं कमी होतं.

दुसरी गोष्ट प्रथिनं. आपल्याकडे सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी-भात, चार वाजता चहा-बिस्किट, असा दिवस जातो आणि त्यात बहुतेक पिष्टच असतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६५ किलोला ५२ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच किंवा किंचित जास्त. म्हणजे दोन्ही जेवणांत मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही, पनीर, अंडी, मासे किंवा चिकन यातलं काहीतरी ठळकपणे हवं. पातळ आमटीत भात कालवला की डाळ खाल्ल्याचं समाधान मिळतं, डाळ फारशी मिळत नाही.

तिसरं, भाजीचं प्रमाण. ताटाच्या कडेला चमचाभर भाजी आणि मध्ये तीन पोळ्या, ही मांडणी उलटायची. आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, मग पोळी-भाकरीला हात लावा. साखर वाढण्याचा वेगही त्याने कमी होतो. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण तीन मोठ्या भाकऱ्या म्हणजे तीन मोठ्या भाकऱ्याच.

उपवासाबद्दल एक सांगायलाच हवं. श्रद्धा आपल्या जागी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. त्यात कूट, तूप आणि बटाटा पडला की उपवासाच्या दिवशी पोटात रोजच्यापेक्षा जास्त कॅलरी जातात. भगर-ताक, राजगिरा, रताळं, फळं आणि मूठभर शेंगदाणे यांवर एकादशी उत्तम होते.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे रोज तीस मिनिटांचे पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. जेवणानंतरची शतपावली सोडू नका, दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतर वर जाणारी साखर खाली राहते. चालण्याने स्नायू मात्र फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून किमान दोन दिवस बैठका, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, सूर्यनमस्कार, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी जोर लावून करायला हवं. आपल्या ‘बारीक पण चरबीवाल्या’ बांध्यावर हा खरा उपाय आहे, आणि बायका नेमका हाच भाग सोडतात.

वजन कमी असेल तर

वजनाच्या गप्पांत ही बाजू नेहमी मागे राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा जास्त होता, आणि १८.७ टक्के बायकांचा १८.५ च्या खाली. एकाच गावात, कधी एकाच घरात दोन्ही टोकं असतात.

१८.५ च्या खालचा बीएमआय म्हणजे ‘छान बारीक’ असं समजू नका. अशक्तपणा, रक्त कमी असणं, पाळी अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं त्यासोबत येऊ शकतं. क्षयरोगाचा तर कुपोषणाशी थेट संबंध आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं धान्य आणि डाळ दिल्यावर त्या घरांत नवीन क्षयरोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला, हे २०२३ मध्ये छापून आलं. वजन वाढवायचं तर वडापाव-वेफर्सने नको. दोन जेवणांच्या मध्ये दूध-केळं, शेंगदाण्याचा किंवा तिळाचा लाडू, जेवणात एक अंडं किंवा वाटीभर डाळ जास्त, आणि सोबत जोर लावायचा व्यायाम.

प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्के घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो, तर वाट न बघता डॉक्टर गाठा. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग यातलं काहीही मागे असू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

मुलं, गरोदर बायका आणि आजी-आजोबा

मुलांसाठी सूत्र तेच, पण वरचे पट्टे लावायचे नाहीत. वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे तक्त्यावर आकडा बघायचा असतो. ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत आणि त्यांतही मोठ्यांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषा आखलेल्या आहेत. वाढत्या मुलाला डाएटवर ठेवू नका. पाकिटातला खाऊ आणि गोड पेयं घरात आणणं थांबवा आणि त्याला खेळायला सोडा. ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘काडीपैलवान’ ही हाक घरातून पूर्ण बंद करा. काकू-मावश्यांनी कौतुकाने म्हटलं तरी मूल ते विसरत नाही आणि लपून खायला किंवा उपाशी राहायला शिकतं.

गरोदरपणात त्या वेळचं वजन सूत्रात घालून काही कळत नाही. दिवस राहण्याआधीचा बीएमआय डॉक्टरांना सांगा, किती वजन वाढायला हवं ते त्यावरून ठरतं. या काळात वजन कमी करायचा प्रयत्न करू नये.

साठीनंतर मणके दबून उंची कमी होते, त्यामुळे आकडा आपोआप वर जातो. दुसरीकडे स्नायू झिजतात आणि काट्यावर ते कळतही नाही. आजोबा खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतात का, ओटीवर चढताना कठडा धरावा लागतो का, हे बीएमआयपेक्षा जास्त सांगतं. त्यांच्या पायांवर सूज असेल तर वजनाचा आकडा बाजूलाच ठेवा, आधी सूज कशाची ते बघा.

डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर एवढं लिहून न्या: उंची, वजन, घेर आणि ते मोजल्याची तारीख, वर्षापूर्वीचं वजन, आई-वडील, भाऊ-बहिणीपैकी कुणाला मधुमेह, रक्तदाब किंवा कमी वयात हृदयविकार, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, कारण स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधं वजन वाढवतात, बायकांसाठी पाळीचं वेळापत्रक, कारण पीसीओएस या पाळी बिघडवणाऱ्या संप्रेरकांच्या विकाराचा वजनाशी जवळचा संबंध आहे, रात्री घोरणं आणि दिवसा झोप येणं. गोळ्यांमुळे वजन वाढतंय असं वाटलं तरी त्या स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा. घेर दर महिन्याला त्याच ठिपक्याच्या जागी मोजा आणि त्याच कागदावर खाली लिहीत जा.